पाणवठ्यावरचे प्राणी

मराठीतला 'पाणवठा' हा शब्द मोठा उदार आहे. गावातल्या बायका जिथे घागरी भरतात तो पाणवठा आणि रानात भेकर, गवा, बिबट्या रात्री जिथे पाण्यावर येतात तोही पाणवठाच. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून वन्यप्राण्यांची जी गणना होते, तिलाही आपण 'पाणवठ्यावरील गणना' असेच म्हणतो. माणसाच्या पाण्यासाठी एक आणि जनावरांच्या पाण्यासाठी दुसरा, असे दोन शब्द करावेत असे आपल्या भाषेला वाटले नाही. मात्र भाषेने दाखविलेले हे औदार्य दगडाने दाखविले आहे काय, असा प्रश्न आम्हाला पडला आणि त्याचाच मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

प्रश्न साधा आहे. डोंगरातल्या एखाद्या खेड्याने आपल्या झऱ्यावर शिल्प उभारायचे ठरविले, तर त्यावर कोणते प्राणी येतील? आसपासच्या रानातले येतील, असे उत्तर आपण आज चटकन देऊ. युरोपात त्याला आधारही सापडतो. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात १५३५ साली उभारलेल्या एका कारंज्यावर अस्वल उभे आहे. अस्वल हे त्या शहराचे मानचिन्ह. पण ते कारंज्यावर आले ते चिलखत चढवून, हाती निशाण घेऊन. जवळचा प्राणी शिल्पात येताना तो जसाच्या तसा येत नाही, एवढी खूणगाठ येथेच बांधून ठेवावी आणि आपल्याकडच्या पर्वतांकडे वळावे.

हिमाचल प्रदेशातील चंबा जिल्ह्यात झऱ्यांवर उभारलेल्या कोरीव शिळांची एक परंपरा आहे. डोंगराच्या कुशीतून झरा फुटतो तेथे एक किंवा अनेक उभ्या शिळा बसवायच्या, शिळेच्या खालच्या भागात पन्हळीसाठी छिद्र ठेवायचे आणि त्यातून पाण्याची धार बाहेर काढायची, अशी ही रचना. लोकभाषेत अशा जागेला 'पनिहार' म्हणतात. लेखांमध्ये मात्र या शिळेला स्वतःचे नाव आहे : 'वरुणदेव'. पाण्याची सोय करणाऱ्या दगडालाच देवतेचे नाव मिळाले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अमक्याने येथे वरुणदेवाची स्थापना केली, असे लेखात म्हटलेले असते, तेव्हा अमक्याने पाण्याची धार बांधली, असाच त्याचा अर्थ घ्यावयाचा.

या शिळा विद्वानांच्या नजरेत आणण्याचे श्रेय ज्यां फिलिप फोगेल या डच संस्कृतज्ञाला जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय पुरातत्त्व खात्यात काम करीत असताना त्याने चंबा संस्थानातील दऱ्याखोरी पालथी घातली आणि १९११ साली तेथील पुरावशेषांवरील ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. दुसरा भाग बहादुरचंद छाबडा यांनी १९५७ साली पूर्ण केला. दरम्यान १९०८ मध्ये राजा भूरिसिंह याच्या नावाचे संग्रहालय चंबा येथे सुरू झाले आणि काही शिळा तेथे आल्या. इतर कित्येक मूळ जागी राहिल्या.

शिळांवरील लेखांची लिपी शारदा आणि भाषा संस्कृत आहे. काही ठिकाणी ती पंडिताची, तर काही ठिकाणी अडखळणारी, व्याकरणाला न जुमानणारी. कालगणना शास्त्र-संवताची, म्हणजे शतकाचे आकडे गाळून नुसते वर्ष सांगणारी. आपण आजही बोलताना 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतो, तसाच हा प्रकार. ऐकणाऱ्याला शतक ठाऊक आहे हे गृहीतच धरलेले. पण आठशे वर्षांनी वाचणाऱ्याला ते ठाऊक नसते. सुदैवाने काही लेखांत राज्यवर्षही दिलेले आहे आणि दोहोंचा मेळ घालून फोगेलने चंब्याच्या राजांचा कालानुक्रम बसविला. पांगी खोऱ्यातील लुज येथील शिळा राजा जासट याच्या पहिल्या राज्यवर्षातली, म्हणजे इ. स. ११०५ची ठरते. पांगीतच साल्ही येथे राजानक लुद्रपाल याने उभारलेली शिळा ललितवर्मन् राजाच्या सत्ताविसाव्या वर्षातली, इ. स. ११७०ची आहे. एखाद्या संस्थानाच्या इतिहासाचा कणा पाणी भरायच्या जागांनी पुरवावा, हा योगायोग सुंदर आहे.

हे 'राजानक' म्हणजे डोंगरी मुलखातले छोटे सरदार, पुढच्या भाषेतले 'राणा'. शिळा उभारण्यामागचा त्यांचा हेतू पुष्कळदा मृतांशी निगडित होता. गेलेल्या आप्ताला परलोकी सुख लाभावे म्हणून इहलोकीच्या वाटसरूला पाणी द्यायचे. आपल्याकडे नाणेघाट, जुन्नर, कान्हेरी येथील लेण्यांत 'पोढी' म्हणजे पाण्याचे टाके दान केल्याचे प्राकृत लेख आहेत. त्यांच्यामागेही पुण्यसंचयाची अशीच भावना दिसते. पर्वत बदलला, धर्म बदलला, भाषा बदलली, तरी पाणी आणि पुण्य यांची गाठ कायम राहिली.

यांतील सर्वांत हृद्य लेख चुराह भागातल्या देवी-री-कोठी येथील आहे. तो साधारण इ. स. ११६०चा. राजानक नागपाल याने आपली दिवंगत आई बल्हा हिच्यासाठी तेथे धार बांधली. लेख सांगतो की, पती निवर्तल्यावर बल्हा सती जायला निघाली होती. तिला मुलांनी अडविले. मग तिने उपासतापासांनी देह झिजविला, पण मुले वाढविली, दानधर्म वाढविला, दीनांवरची करुणा वाढविली. संस्कृत प्रशस्तीचे सर्व अलंकार या लेखात आहेत. परंतु त्या अलंकारांच्या आडून एक प्रसंग स्पष्ट दिसतो. एक बाई चितेकडे निघाली आहे आणि मुले तिचा पदर सोडत नाहीत. त्या मुलांपैकी एकाने पुढे आईच्या नावाने पाणी वाहते केले. अग्नीतून वाचलेल्या आईचे स्मारक पाण्याचे असावे, हे कवीला सुचलेले नसून आयुष्यानेच घडविलेले आहे.

खुद्द चंबा नगरीची पाण्याची कथा याच्या अगदी उलट आहे. राजा साहिलवर्मन् याने दहाव्या शतकात नगर वसविले आणि ओढ्याचे पाणी पाटाने आणायचे ठरविले, पण पाणी पाटात शिरेना. राजघराण्यातला बळी हवा असा कौल मिळाला, राणीने स्वतःला जिवंत गाडून घेतले आणि पाणी वाहू लागले, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ भरणारी सूही जत्रा प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले यांची आहे. एका कथेत बाई मरते म्हणून पाणी येते, दुसऱ्या लेखात बाई जगली म्हणून पाणी येते. पहिली लोकस्मृतीत राहिली, दुसरी शिळेवर. लोकस्मृती आणि कोरीव लेख यांच्यात सत्य कोणाकडे, हा प्रश्न विचारण्याऐवजी दोन्ही शेजारी ठेवून वाचणे अधिक फलदायी ठरते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. या शिळांवर प्राणी कोणते?

साल्हीची शिळा पाहावी. ती सैचू नाल्याच्या खोऱ्यात आहे. पांगी हा मुलूख असा की, चंब्याकडून तेथे जाणारी साच खिंड वर्षातले कित्येक महिने बर्फाने बंद असते. याच खोऱ्याचा भाग आज 'सैचू तुआन नाला' अभयारण्यात मोडतो. हिमबिबट्या, रानबकरा असलेला आयबेक्स, अस्वल, कस्तुरीमृग हे या उंचीवरचे रहिवासी. चंब्याच्या वनांत जुजुराणा नावाचा देखणा तितर-कुळातला पक्षी आढळतो. २००७ साली तो हिमाचलचा राज्यपक्षी झाला. 'जुजुराणा' म्हणजे पक्ष्यांचा राजा. देवाने सर्व पक्ष्यांकडून एकेक सुंदर पीस मागून घेऊन त्याला घडविले, असे लोक सांगतात.

यांपैकी कोणाच्याही सन्मानार्थ साल्हीची शिळा उभी राहिलेली नाही. तेथे देवतांच्या ओळी आहेत, शेषावर पहुडलेला विष्णू आहे, वरुण आहे, स्त्रीरूपातल्या नद्या आहेत आणि काहींची नावे त्यांच्यापाशी कोरलेली आहेत. वरुणाचे वाहन मकर. गंगेचेही मकरच आणि यमुनेचे कासव. मकर हा तर कोणत्याच रानातला प्राणी नव्हे. सुसरीचा जबडा, हत्तीची सोंड, माशाचे शेपूट असा तो जुळविलेला जीव, सखल प्रदेशातल्या नद्या आणि समुद्र पाहिलेल्या कल्पनेतून जन्मलेला. ज्या दरीतल्या माणसाने सुसर पाहिलेली असण्याचा संभव नाही, तेथे पाण्याचे अधिपत्य मकरवाहनाकडे जाते आणि उंबऱ्याशी वावरणारा हिमबिबट्या शिळेबाहेर राहतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे मार्ग आणि देशी या जुन्या जोडीची आठवण होईल. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीवादानंतर मराठी समीक्षेत आपण ही जोडी वारंवार वापरीत आलो आहोत. त्या दृष्टीने निकाल सोपा वाटतो : साल्हीची शिळा मार्गाची, संस्कृताची, बाहेरून आलेल्या प्रतिमांची, जुजुराणाची गोष्ट देशी, मातीतली. पण आम्हाला हा निकाल घाईचा वाटतो. सैचूचे पाणी चंद्रभागेला मिळते आणि पुढे सिंधूला. (ही चंद्रभागा पंढरपूरची नव्हे, चिनाब, पण नावातले हे साम्यदेखील नद्यांच्या नातेसंबंधांविषयीच काही सांगते.) आपल्या दारची एवढीशी धार मोठ्या नद्यांच्या कुळातली आहे, असे लुद्रपालाला म्हणावयाचे असावे. बर्फाने सहा-सहा महिने जगापासून तुटणाऱ्या गावाने आपल्या झऱ्यावर नद्यांचा मेळा भरवावा, यात अनुकरणापेक्षा आकांक्षा अधिक आहे. स्थानिकाला सदैव स्थानिकच दाखविण्याची सक्ती करणे, हाही एक प्रकारचा परकेपणाच.

शिवाय एक स्थानिक जीव या पाण्यावर आधीपासूनच हक्क सांगून बसलेला आहे. तो म्हणजे नाग. चंब्यात झरे, तळी आणि पाऊस यांवर नागदेवतांची सत्ता मानतात. खज्जियारच्या तळ्याकाठी खज्जीनागाचे देऊळ आहे. फोगेलला या गोष्टीने इतके झपाटले की, १९२६ साली त्याने भारतातील नागकथांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शिळेवरचा शेष हा मार्गातला, झऱ्यातला नाग हा देशी; परंतु पाणी भरायला आलेल्या बाईच्या मनात ते दोन वेगळे होते असे कोण सांगेल? मार्ग आणि देशी यांचे हे असे एकमेकांत विरघळणे आपल्या कोष्टकांत मावत नाही.

आणि 'मार्ग' म्हणजे निसर्गाकडे पाठ, हेही खरे नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचा अध्याय आहे. भूमिगत पाणी कसे ओळखावे याचे ते शास्त्र. कोणत्या झाडाच्या कोणत्या अंगाला वारूळ असले तर किती खणल्यावर पाणी लागेल, खणताना आधी बेडूक दिसेल की पाल, माती कोणत्या रंगाची निघेल, असा तपशील तेथे ओळीने येतो. त्यातले किती खरे ठरेल हा वेगळा मुद्दा. पण सहाव्या शतकातल्या या संस्कृत ग्रंथात बेडूक, साप, पाली आणि मुंग्या पाण्याचे जाणकार म्हणून वावरतात. ग्रंथाने त्यांना साक्षीदार मानले, शिल्पाने मात्र प्रतिष्ठा दिली ती मकराला. ज्ञानाच्या व्यवहारात जे चालते ते सन्मानाच्या व्यवहारात चालतेच असे नाही, हे साहित्यातही आपण पाहतोच.

आता सह्याद्रीत उतरू. क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी एकत्र होऊन गोमुखातून पडते, अशी श्रद्धा आहे. या स्थानाचे पहिले बांधकाम परंपरेने देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्याकडे, तेराव्या शतकात नेले जाते. याच सिंघणाच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात मार्ग व देशी संगीताची व्याख्या केली : निरनिराळ्या प्रदेशांत तेथील जनांच्या रुचीप्रमाणे मन रमविते ते देशी. ज्या राजाच्या दरबारात ही व्याख्या लिहिली गेली, त्याच्याच नावावर सांगितल्या जाणाऱ्या पाणवठ्यावर मात्र महाबळेश्वरच्या जंगलातला गवा नाही, शेकरू नाही; तेथे गाय आहे.

गोमुखाला आपण इतके सरावलो आहोत की, तो एक प्राणी आहे हेच विसरतो. गवा हाही गोवंशाचाच आप्त. त्याच डोंगरावर हिंडतो, त्याच झऱ्यांचे पाणी पितो. पण पाणी द्यायला दगडात बोलाविली गेली ती गोठ्यातली, पूजेतली गाय. साल्हीला दूरच्या नद्यांचा मकर आला, महाबळेश्वरला जवळची पाळीव गाय आली. रानातला शेजारी दोन्हीकडे बाहेरच राहिला. त्याला पाण्याची बंदी नव्हती. तो रात्री येऊन पिऊन जात असेलच. बंदी होती ती प्रतिमेत येण्याची.

माणसांच्या बाबतीत नेमके याहून वाईट घडले. गोमुखातल्या त्या पाच नद्यांपैकी सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि पोलादपूरवरून महाडला येते. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, परधर्मीय पाणी भरीत. फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसांना तेथे मज्जाव होता. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्यास सांगितले होते. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा निर्णय केला होता. कागदावर तळे सार्वजनिक झाले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तेथे जाऊन पाणी घेतले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढे सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. १०८ घागरी पाणी उपसून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून ते परत तळ्यात ओतण्यात आले. न्यायालयात हा वाद १९३७ साली उच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपला.

गोमुखातून निघालेली कथा गोमयापाशी यावी, यात आम्ही कोणताही अलंकार पाहत नाही. इतिहासाची ती एक सरळ रेषा आहे. पाण्यावर कोणाची प्रतिमा चालते आणि पाण्याला कोणाचा स्पर्श चालतो, हे दोन प्रश्न एकाच व्यवस्थेतून सुटतात किंवा अडतात. हिमालयातल्या खेड्यांतही पाणी भरायच्या जागी जातीचे भेद पाळले जात होतेच. तेव्हा लुद्रपालाच्या आणि नागपालाच्या शिळांना आपण 'सार्वजनिक' म्हणताना थोडे थांबले पाहिजे. सर्व जीवांच्या तृप्तीची भाषा आणि सर्व जीवांना मिळालेले पाणी यांच्यातले अंतर प्रशस्तिकार सांगत नाही. ते वाचणाऱ्याने मोजायचे असते.

म्हणून जुन्या पाणवठ्याचे वाचन आमच्या मते दुहेरी करावे लागते. शिळेवर कोण आहे ते वाचावे आणि शिळेसमोर कोण येत होते तेही. पहिल्यासाठी लिपी, संवत, प्रतिमाविद्या ही साधने आहेत. दुसऱ्यासाठी जत्रा, आख्यायिका, जुजुराणासारखे पक्ष्याचे नाव, तळ्यावरच्या बंदीची कागदपत्रे, आणि पाण्याच्या वाटेवरचे पाऊलठसे. देवी-री-कोठीच्या लेखात बल्हेची करुणा दीनांपर्यंत पोहोचते. तिच्या धारेचे पाणीही सर्व दीनांपर्यंत पोहोचले असेल काय, हे विचारल्याने तिचा मोठेपणा उणावत नाही. उलट ज्या स्त्रीने चितेऐवजी मुले आणि दान निवडले, तिच्या नावाला तो प्रश्न शोभतो.

आज गावोगावच्या चौकांत, पर्यटनस्थळांच्या प्रवेशद्वारांशी सिमेंटचे वाघ, गवे, शेकरू उभे राहू लागले आहेत. स्थानिक प्राण्याला अखेर प्रतिमेत जागा मिळाली, याचा आनंद मानायला हरकत नाही. मात्र ती जागा मिळत असतानाच डोंगरातले झरे आटत आहेत, आणि संग्रहालयात नेलेल्या वरुणशिळांच्या छिद्रांतून पाणी वाहत नाही. प्रतिमा नसताना गवा पाण्यावर येत होता. पाणी नसताना प्रतिमा काय करील?

'पाणवठा' या शब्दाने सुरुवात केली होती, शेवटही त्याच शब्दापाशी करू. बाई, वाटसरू, गुरे, गवा, बेडूक, नाग आणि ज्याला तळ्यावरून हाकलले तो माणूस, या सर्वांना पुरेल एवढी जागा त्या एका शब्दात आहे. शिळांना ती जमली नाही, राजांना जमली नाही, नगरपालिकांना ठराव करूनही जमली नाही. भाषेला जमली आहे. तिच्या मागोमाग जायला आपल्याला आणखी किती काळ लागेल, एवढाच प्रश्न उरतो.